मधली खुर्ची

"उठू नका काका, बसूनच बोला," नचिकेत म्हणाला. "त्रिशलाबद्दल जे वाटतं ते. एक वाक्य बोललात तरी चालेल."

मी मधल्या खुर्चीत बसले होते आणि बाकीचे माझ्याभोवती गोल करून. चौघांचं बोलून झालं होतं. अभिनंदन खोत म्हणाला होता, मी फोनवर गिऱ्हाइकाशी साखर पेरल्यासारखी बोलते आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या अंगावर खेकसते. इरफान मुल्ला म्हणाला, मी प्रत्येकाचं काम पुन्हा तपासते, त्याला मास्तरणीच्या वर्गात बसल्यासारखं वाटतं. नव्यानं लागलेल्या दोघींपैकी एक म्हणाली, "ताई हसल्या की मला जास्त भीती वाटते." दुसरीनं त्यावर मान डोलावली. प्रत्येकाला मी नियमाप्रमाणं 'आभार' एवढंच म्हटलं. मधल्या खुर्चीतल्या माणसाला तेवढाच शब्द बोलायची मुभा होती. कारण द्यायचं नाही, समजवायचं नाही. रडलं तर चालायचं, उत्तर दिलेलं चालायचं नाही.

राहिले होते फक्त उपाध्येकाका. आमच्या तक्रार विभागाचे प्रमुख.

"मला काही बोलायचं नाही," काका म्हणाले.

"काहीच वाटत नाही तिच्याबद्दल?"

"वाटतं की. पण ते मी तिला टेबलाशी बोलावून सांगतो. हितं नाही."

"हितं का नाही?"

"हितं तिला उलटून बोलता येत नाही."

कोणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. नचिकेत मात्र चिडला नाही. तो कधीच चिडत नसे. त्यानं हनुवटीवर बोट ठेवलं, काकांकडे बराच वेळ प्रेमानं पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या शुक्रवारी मधल्या खुर्चीत काका."

आमची कंपनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. शेतीचे आणि नळयोजनांचे पंप बनवायची. कुठं पंप बंद पडला की लोक आम्हाला फोन करायचे आणि आम्ही सहा जण दिवसभर शिव्या खाऊन त्यांच्या तक्रारी मार्गी लावायचो. आमच्या आधीच्या साहेबांना काचेची केबिन होती. आत जाताना चप्पल काढायची पद्धत नव्हती, एवढंच काय ते कमी होतं. बाहेर चिठ्ठी पाठवायची, मग बोलावतील तेव्हा जायचं, आणि आत गेल्यावर उभ्यानंच बोलायचं. सतरा वर्षं त्या माणसाशी मी कधी बसून बोलले नव्हते, कारण समोर बसायला खुर्चीच नव्हती.

नचिकेत केळुसकर नवा साहेब म्हणून आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं केबिनची काच काढून टाकली. स्वतःचं टेबल आमच्या टेबलांना लावलं. "मला साहेब म्हणायचं नाही, नावानं हाक मारा," म्हणाला. आम्हाला ते जमायला महिना गेला. काकांना शेवटपर्यंत जमलं नाही, ते 'नचिकेतसाहेब' म्हणायचे. तो स्वतः चहा आणून द्यायचा. कुणाच्या मुलीची परीक्षा कधी, कुणाच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी, सगळं त्याच्या ध्यानात. बोलायला लागलं की हातातलं काम ठेवून, पुढं झुकून ऐकायचा. असं कुणी माझं आजवर ऐकलं नव्हतं, घरीसुद्धा. मी खोटं कशाला सांगू, आम्ही सगळेच त्याच्यावर लट्टू होतो.

मग त्यानं शुक्रवारचा मोकळा तास काढला. मनात ठेवून कुढायचं नाही, तोंडावर बोलायचं, त्यानं माणूस वाढतो आणि काम सुधारतं, असं त्याचं म्हणणं. पहिल्या शुक्रवारी तो स्वतःच मधल्या खुर्चीत बसला. आम्ही भीत भीत म्हणालो, तुम्ही फार भरभर बोलता, दुपारची मीटिंग लांबवता. त्यानं हात जोडून आभार मानले. आम्हाला वाटलं, काय माणूस आहे!

माझ्या शुक्रवारनंतर मी आठवडाभर कुणाकडं नीट बघितलं नाही. मुल्ला एकदा माझ्यापाशी घुटमळला, "ताई, काहीतरी बोलावं लागतं हो," म्हणाला. मी 'आभार' म्हटलं. तो ओशाळून गेला.

आता काकांबद्दल. शांतिनाथ उपाध्ये, निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेली. अंगानं बारीक, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. तसे ते काही लाघवी नव्हते. चूक झाली की टेबलाशी उभं करून, आवाज न चढवता असं सोलून काढायचे की दोन दिवस जेवण गोड लागत नसे. पण ती चूक वर कुणाला कधी कळली नाही. साहेबांपुढं 'माझ्याकडनं राहिलं' म्हणून ते मोकळे व्हायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय चालायचंही नाही.

त्यांच्या घरचं मला आणि अभिनंदनला माहीत होतं. अभिनंदन त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायचा. रत्नप्रभाकाकूंना विस्मरणाचा आजार जडला होता. मूलबाळ नाही. दिवसभर शेजारच्या भोरेवहिनी बघायच्या, पण दुपारचा घास काकूंना काकांच्याच हातचा लागे. म्हणून ते जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत सांगलीवाडीच्या बाजूला जायचे आणि परत यायला त्यांना उशीर व्हायचा. तेवढा वेळ त्यांचे फोन अभिनंदन घ्यायचा. न सांगता, न बोलता चाललेली गोष्ट होती.

तो शुक्रवार आला. काका मधल्या खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे.

सुरुवात माझ्यापासून झाली. मी म्हणाले, "काकांनी मला काम शिकवलं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही हे शिकवलं."

"छान," नचिकेत म्हणाला. "पण त्रिशला, हे गोड झालं. त्यांच्या उपयोगाचं बोल."

"उपयोगाचंच बोलले."

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली आणि मुल्लाकडं वळला. मुल्ला म्हणाला, काका नवीन कॉम्प्युटरवर बोट ठेवायला भितात. दोघी मुली म्हणाल्या, काका ओरडत नाहीत, पण त्यांनी ओरडलेलं बरं. काका प्रत्येकाला 'आभारी आहे' म्हणत होते. आवाज खणखणीत होता. मला वाटलं, निभावलं.

मग अभिनंदन. मान खाली घालून बसला. नचिकेत उठला, त्याच्या खुर्चीमागं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बोल. तू मला परवा जे म्हणालास ते काकांना सांग. प्रेमानं सांग."

काकांनी झटकन अभिनंदनकडं पाहिलं.

"काका," अभिनंदन म्हणाला आणि त्याला रडू आलं. "मला तुमची काळजी वाटते हो. काकूंना तुम्ही लागता. दुपारी तुम्ही घरी जाता, घामाघूम होऊन परत येता. मी तुमचे फोन घेतो, त्याचं काही नाही, पण... परवा सायकलवरनं पडलात, ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही. काकू परवा रस्त्यावर आल्या होत्या. अंगावर नीट लुगडं नव्हतं. माझ्या आईनं त्यांना आत नेलं."

नव्या मुलींपैकी एकीनं तोंडावर ओढणी धरली. काकांचा चेहरा काही बदलला नाही, फक्त गुडघ्यावरचे हात उलटे झाले, तळवे वर.

"काका," नचिकेत म्हणाला. तो आता त्यांच्यासमोर जमिनीवर, मांडी घालून बसला होता. त्याचे डोळे खरोखर भरले होते. मी अजून शपथेवर सांगेन, ते नाटक नव्हतं. "एवढं ओझं घेऊन तुम्ही रोज इथं येत होता. आणि आम्ही तुमच्याकडनं पंपांच्या तक्रारी सोडवून घेत होतो. या टेबलाला दुसरा माणूस मिळेल. त्या घराला मिळणार नाही. मला वाटतं, आपण सगळ्यांनी मिळून काकांना मोकळं करायला हवं."

"नाही," काका म्हणाले. "मला घरी बसायचं नाही. माझं ऐका जरा—"

"काका." नचिकेतनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "नियम."

काकांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं.

"ज्यांना मनापासून वाटतं की काकांनी आता काकूंजवळ असावं, त्यांनी हात वर करा."

अभिनंदननं हात वर केला. मग मुल्लानं. मुलींनी एकमेकींकडं बघितलं आणि वर केले. मी केला नाही. मी म्हणाले, "हे आपण कोण ठरवणार? त्यांना विचारा." पण नचिकेतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि कुणीतरी टाळी वाजवली. एकानं वाजवली की बाकीच्यांना वाजवावी लागते. टाळ्यांच्या आवाजात काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, आणि म्हणाले, "आभारी आहे."

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. मी जिन्यात त्यांना अडवलं. "देऊ नका. कायद्यानं कुणी तुम्हाला काढू शकत नाही."

"काढलंय कुणी?" ते म्हणाले. "काढलं असतं तर भांडलो असतो. हात वर केलेत चौघांनी. उद्यापासनं दुपारी सायकल काढली की चार जण माझ्याकडं बघणार, हा निघाला बायकोला सोडून नोकरी करायला. कसल्या तोंडानं बसू त्या टेबलावर?"

मी तडक नचिकेतकडं गेले. भिंती नव्हत्याच, त्यामुळं सगळा हॉल ऐकत होता. मी बरंच बोलले. तुम्ही एका माणसाचं घर चव्हाट्यावर आणलंत, त्याला तोंड उघडू दिलं नाहीत, वरनं टाळ्या पिटायला लावल्यात. मी आयुष्यात कुणा वरिष्ठाला असं बोलले नव्हते.

तो पुढं झुकून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "अजून आहे का काही? बोल. बरं वाटेल."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. आणि तू हे बोललीस त्याबद्दल तुझे आभार." त्यानं खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बस. तुला एक सांगतो, कारण मला लपवाछपवी आवडत नाही. वर्ष संपायच्या आत प्रत्येक विभागातली एक जागा कमी करायची, हे वरून मी इथं येण्याआधीच ठरलेलं होतं. जुन्या पद्धतीनं काय झालं असतं? केबिनमध्ये बसून एकानं नाव खोडलं असतं. मला ते करायचं नव्हतं. माणसांनी एकमेकांना ओळखावं, आणि नाव आपोआप त्यांच्यातून यावं. कुणाला धक्के मारून बाहेर काढायचं नाही. बघ ना, काका टाळ्यांत गेले."

"म्हणजे मोकळा तास यासाठी होता?"

"यासाठीसुद्धा होता. त्यानं काम सुधारलं हे तू नाकारशील?" मग त्यानं आवाज हळू केला, एखाद्या आजारी माणसाशी बोलतात तसा. "खरं तर आधी पाळी तुझी होती, त्रिशला. चौघांचं बोलणं तू ऐकलंसच. काकांनी एक वाक्य टाकलं असतं तर सगळ्यांचं बोलणं पुरं झालं असतं आणि नाव तुझं आलं असतं. ते गप्प राहिले म्हणून मला पुढच्या माणसाकडं जावं लागलं. पद्धत म्हणजे पद्धत. थोडक्यात वाचलीस तू."

तो उठला आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला.

आठवड्याभरात काकांचं टेबल मला मिळालं. 'तू बोलायला घाबरत नाहीस,' हे कारण नचिकेतनं सगळ्यांसमोर दिलं. शुक्रवार चालूच राहिले. अभिनंदन आता बोलताना रडत नसे. त्याचं पुढच्या साली, असंच प्रेमानं, नाव आलं आणि तो गेला. मी त्याच्या आधी बाहेर पडून कराडला एका साखर कारखान्याच्या भांडारात लागले. तिथले साहेब केबिनमध्ये बसतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. मला चालतं. नचिकेतचं भलंच झालं. तो पुण्याला मोठ्या जागेवर गेला. माणसं कशी सांभाळावीत यावर भाषणं देतो म्हणे, आणि त्यात एका म्हाताऱ्या सहकाऱ्याला कंपनीनं कसं सन्मानानं घरी पाठवलं, ते सांगताना अजून त्याचा गळा दाटतो.

पण मला सांगायचंय ते काकांच्या घरी मी गेले त्या दिवसाचं. त्यांना नोकरी सोडून दोन महिने झाले असतील. मी अजून त्यांच्याच टेबलावर बसत होते. चहा पिताना, फोन घेताना, एकच गोष्ट ओठांशी यायची. त्या माणसाला सांगायला हवं. तुमच्या गप्प बसण्यानं माझी नोकरी वाचली, हे त्यांना कळायला हवं. त्यांना तेवढंच बरं वाटेल, असं माझ्या मनात होतं.

संध्याकाळी कामावरून सुटून गेले. काका अंगणातल्या कट्ट्यावर बसले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, दाढी वाढलेली. दार लोटलेलं होतं.

"आत नको," ते म्हणाले. "ती घाबरतीय."

"कुणाला?"

"मला." त्यांनी कट्ट्यावर जागा करून दिली. "नोकरी होती तेव्हा बरं होतं. दुपारी घास भरवायला यायचो, तेव्हा मी कोण ते तिला कळायचं नाही, कुणीतरी जेवण आणणारा आहे म्हणून खायची. पण संध्याकाळी सायकल भिंतीला लावून आत आलो, की 'आलात?' म्हणायची. रोज. तेवढं डोक्यात पक्कं होतं. कामावरनं येतो तो नवरा. आता दिवसभर घरात एक बाप्या बसलेला असतो. कोण हा, का बसलाय, जात का नाही? परवा लाटणं मारलं." त्यांनी कोपर उचलून दाखवलं. "भोरेवहिनी म्हणाल्या, आता तुम्ही आहात ना, मग मी कशाला येऊ. त्यांचंही बरोबर आहे."

"तुम्ही हे त्या दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगत होतो की."

मी जे सांगायला आले होते ते सांगून टाकलं. जागा कमी करायची आधीच ठरली होती ते, आधी पाळी माझी होती ते, आणि ते एक वाक्य बोलले असते तर कट्ट्यावर मी बसले असते, ते.

काका ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"एका वाक्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला ठाऊक असतं तर बोललो असतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बोललो असतो," ते पुन्हा म्हणाले, आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "तू धडधाकट आहेस. तुला दुसरीकडं मिळाली असती. तुझ्यात खोट काढणं मला काय अवघड होतं? एक सोडून दहा सांगितल्या असत्या, सगळ्या खऱ्या. उगीच शहाणपणा केला मी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. टेबलाशी बोलावून चूक दाखवायचे, अगदी तोच आवाज. मी मान खाली घातली.

मागं दार करकरलं. फटीतून काकू डोकावल्या. केस विंचरलेले नव्हते, पण कपाळावर कुंकू ठसठशीत. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "ह्या माणसाला घेऊन जा की गं तुझ्याबरोबर. सकाळपास्नं बसलाय. ह्यांची यायची वेळ झाली, काय म्हणतील?"

काकांनी ऐकलं. ते उठले. कट्ट्याला टेकवलेली सायकल त्यांनी काढली आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथं पिठाच्या गिरणीपाशी ते थांबले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, खिशातल्या रुमालानं तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. मग सायकल वळवली आणि त्यावर बसून, घंटी वाजवत घराकडं गेले.

मी त्यांच्यामागून चालत अंगणाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिले. त्यांनी सायकल भिंतीला लावलेली मला दिसली. दाराला आतून कडी लागली होती. त्यांनी कडी वाजवली.

"प्रभा, मी आलो."

आतून काकूंचा आवाज आला, परक्या माणसाशी बोलावं तसा, अदबीचा.

"हे घरात नाहीत. संध्याकाळी या."